हिरवं म्हणजे चालू

ऑक्टोबर लागला की मला दोन वास एकदम येतात. एक तुपात फुलणाऱ्या डिंकाचा आणि दुसरा तापलेल्या कॉम्प्युटरचा. पहिल्याचं कुणाला नवल वाटत नाही, दुसरा सांगितला की लोक माझ्याकडे जरा निरखून बघतात. पण असतो हो तापलेल्या कॉम्प्युटरला वास. धूळ, गरम प्लास्टिक आणि आता काहीतरी करपणार ही धास्ती, असा तिघांचा मिळून. रेवा पोटात असताना मी सबंध एक ऑक्टोबर तो वास घेतलाय, त्यामुळे तो माझ्या पक्क्या ओळखीचा आहे.

परवा भाईंदरला आईकडे गेले होते, दिवाळीच्या साफसफाईला. रेवा माळ्यावरून एकेक खोकं खाली देत होती आणि मी खाली उभी राहून हे ठेव, ते टाक करत होते. एका खोक्यातून करड्या रंगाची एक जाडसर, आखूड वायर निघाली. रेवा आता कॉलेजात जाते, जगातल्या सगळ्या वायरी तिला ठाऊक, पण हिचं तोंड तिच्या कशातच बसेना. "टाकू?" म्हणाली. मी वायर तिच्या हातातून अक्षरशः ओढून घेतली. आईनं स्वयंपाकघरातून काय सापडलं म्हणून विचारलं. त्या वायरीतून आमच्या घरात काय काय आलं होतं, ते एका वाक्यात कसं सांगणार?

पहिलं बाळंतपण माहेरी, या नियमाप्रमाणे मी डोंबिवलीहून आठव्या महिन्यात भाईंदर पूर्वेला येऊन पडले होते. पडले म्हणजे खरोखर पडलेच होते. पाय सुजलेले, डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं की पाय वर घ्या आणि गप पडून राहा. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. हॉलच्या खिडकीतून नाला दिसायचा आणि नाल्यापलीकडे मिठागरं. मिठाचे ढीग पुढे थंडीत लागायचे. ऑक्टोबरात तिथे नुसतं पाणी असायचं आणि दुपारचं ऊन त्या पाण्यावरून उसळून थेट आमच्या छतावर नाचायचं. वाऱ्याला खारट चिकटपणा. खिडकीचे गज दर वर्षी रंगवले तरी दर वर्षी गंजायचे. वरचा पंखा गरम हवा तेवढी ढवळायचा, आणि घरात एकच टेबलफॅन होता. तो टेबलफॅन माझ्याकडे तोंड करून असायला हवा होता की नाही, तुम्हीच सांगा.

तर तो कॉम्प्युटरकडे तोंड करून होता.

माझा धाकटा भाऊ नंदू तेव्हा नुकता नोकरीला लागला होता. त्यानं पार्ट आणून घरीच कॉम्प्युटर जोडला आणि त्यात एक खास कार्ड बसवलं, बाबांच्या व्हिडिओ कॅमेऱ्याची वायर लागावी म्हणून. काम सुरू झालं की मशीन एवढं तापायचं की नंदूनं त्याचं एका बाजूचं झाकणच काढून टाकलं आणि पंखा त्याच्या उघड्या पोटावर लावला. माझं पोट झाकलेलं आणि घामाघूम. मी कुरकुरले तर नंदू म्हणायचा, "ताई, तू बंद पडलीस तर डॉक्टर आहे. हा बंद पडला तर कोण आहे?" आई त्याच्या पाठीत धपाटा घालायची, पण पंखा काही फिरवायची नाही.

पंखा न फिरवण्याचं कारण होतं, आणि ते आईपेक्षा माझ्याच जिवाला जास्त लागलेलं होतं.

आई पाळणे म्हणायची. बिल्डिंगमध्ये, आसपासच्या चार बिल्डिंगांमध्ये, कुणाकडे बारसं असलं की पाळणा आईचा. पुस्तकातला छापील नाही. ती ज्या घरचं बाळ त्या घरचा पाळणा जुळवायची. बाळाच्या आजोबांचं गाव, आत्याचं नाव, खिडकीतून काय दिसतं ते, सगळं त्यात यायचं. समोरच्या सिंधी कुटुंबाच्या नातीसाठी तर तिनं अर्धा पाळणा हिंदीत म्हटला होता आणि त्यांच्या सगळ्या बायका डोळे पुसत होत्या. आवाज काही शिकलेला नव्हता. पण स्वच्छ होता, वरच्या सुरात गेला तरी चिरकायचा नाही. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच आयांना असा आवाज येतो.

माझ्या लग्नानंतर तिचं थायरॉइडचं ऑपरेशन झालं. आवाज बदलू शकतो हे डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं, आणि बदलला. चूक कुणाची नव्हती. जीव वाचला, तब्येत सुधारली, पण गळ्यातून जो आवाज यायला लागला तो घोगरा, मधेच फाटणारा. फोनवर लोक तिला "काका, काकू आहेत का?" विचारायचे. सुरुवातीला आम्ही हसलो. मग आईनं फोन उचलणं बंद केलं, तेव्हा हसू थांबलं. गाणं तर सुटलंच.

आणि मला माझ्या बाळाच्या बारशाला आईचाच पाळणा हवा होता. हट्ट म्हणा. आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिला तसं म्हटलं, तर ती भाजी निवडता निवडता, मान वर न करता म्हणाली, "माझ्या आवाजानं लेकरू दचकेल. मी शेजारच्या बिल्डिंगमधल्या सुनंदावहिनींना सांगून ठेवलंय." सूर अगदी साधा, दूधवाल्याला सांगून ठेवलंय म्हणावं तसा. मी कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं आणि पोटभर रडले. त्या दिवसांत रडायला फारसं काही लागायचं नाही, पण हे रडणं खरं होतं.

तेव्हा बाबा म्हणाले, रडतेस कशाला, माझ्याकडे आहे की. सुनंदावहिनींच्या नातवाच्या बारशाला तुझ्या आईनं म्हटलेला अख्खा पाळणा माझ्या टेपवर आहे. तोच लावू.

बाबांची रेल्वेतली सगळी नोकरी सिग्नलमध्ये गेली. रिटायर झाले तेव्हा मस्कतच्या काकांनी त्यांना तो व्हिडिओ कॅमेरा भेट दिला. काड्यापेटीहून जरा मोठ्या टेपा त्यात बसायच्या. बाबांनी कॅमेरा गळ्यात घातला तो चार वर्षं काढलाच नाही म्हणायला हरकत नाही. सोसायटीचा सत्यनारायण, कुणाची मुंज, कुणाचं डोहाळजेवण, उत्तनला त्यांच्या सिग्नलमधल्या मित्राच्या, पास्कलकाकांच्या, मुलीचं लग्न. सगळीकडे बाबा गुडघ्यावर बसून, एक डोळा मिटून. घरी आले की टेप डबीत, डबी गोदरेजच्या कपाटात, सोबत डांबराच्या गोळ्या. लावून मात्र बघू द्यायचे नाहीत. लावली की टेप घासते, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. एकदा कॉम्प्युटरवर उतरवू, मग बघा जन्मभर. त्यांची एकच तक्रार असायची, ती बॅटरीची. मस्कतची बॅटरी असून घरी येईपर्यंत उतरते म्हणजे काय!

तर टेपा उतरवायच्या असं ठरलं. घाईही होती, कारण खाऱ्या हवेनं दोन-तीन टेपांवर पांढरी बुरशी धरली होती आणि कॅमेऱ्याचं झाकण रबरबँडवर तगून होतं.

आता ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांना एक सांगायला हवं. टेप उतरवणं म्हणजे आजच्यासारखं बोटानं इकडचं तिकडे सरकवणं नव्हे. टेप कॅमेऱ्यात चालणार, तिच्या चालीनं, आणि ती चालेल तसं कॉम्प्युटर ते आत घेणार. एका तासाची टेप उतरायला एक तास. कुणाचीही घाई तिथे चालत नाही. आणि मधे जरा कुठे खुट्ट झालं, माउस हलला, मिक्सर लागून व्होल्टेज पडलं, की चित्र अडखळायचं, पुन्हा पहिल्यापासून. बाबांनी याला लगेच रेल्वेतलं, गाड्या थांबवून रुळांचं काम करतात तेव्हाचं, नाव दिलं. दुपारी जेवणं झाली की ते जाहीर करायचे, "ब्लॉक घेतलाय." ब्लॉक असताना इस्त्री नाही, मिक्सर नाही, कॉम्प्युटरपाशी पाय आपटत चालायचं नाही. आई चटणी खलबत्त्यात कुटायची, तीही गॅलरीत जाऊन. नंदू ऑफिसात, त्यामुळे दुपारची ड्यूटी माझी. त्यानं मला दोन बटणं दाखवून ठेवली होती, एक सुरू करायचं आणि एक थांबवायचं.

पहिली टेप अर्थातच सुनंदावहिनींच्या नातवाच्या बारशाची. त्या रविवारी नंदूही घरी होता. आम्ही सगळे जेवून, हात पुसून, सिनेमाला बसावं तसे बसलो. बाबा खुर्ची पुढे ओढून, काय काय दिसणार ते आधीच सांगत होते. पडदा निळा झाला, खरखरला आणि चित्र आलं.

चपला. सुनंदावहिनींच्या दाराबाहेरच्या चपला, तिरक्या. मग जिना. पायरी, पायरी, भिंतीवरचा पानाचा डाग, पायरी. बाबांचा श्वास. मग आमच्याच घराची फरशी, आणि त्या फरशीवरून बाबांचे अनवाणी पाय आत जाताना.

"पुढे असेल," बाबा म्हणाले. पुढे खुंटी होती. कॅमेरा खुंटीला टांगलेला आणि त्याच्यासमोर भिंतीचा पोपडा. पोपडा बराच वेळ चालला. मागून भांड्यांचे आवाज, टीव्हीवरच्या बातम्या, कोणीतरी शिंकलं. मग पुन्हा निळं. आम्ही दुसरी टेप लावली. सत्यनारायणाच्या मांडवाखालची सतरंजी. तिसरी. उत्तनची वाळू, वाळत घातलेल्या बोंबलांच्या काठ्यांची तेवढी सावली, आणि पास्कलकाकांचा आवाज, "जेवल्याबिगर जायाचं न्हाय हा!" नवरी नाही, नवरा नाही. आमचे बाबा समुद्रकिनारी जाऊन स्वतःच्या बुटांचं शूटिंग करून आले होते.

नंदूनं शांतपणे विचारलं, "बाबा, कॅमेरा चालू आहे हे तुम्हाला कसं कळतं?"

"त्यात काय? कोपऱ्यात हिरवी अक्षरं असतात ना. हिरवं म्हणजे चालू. बटण दाबलं की लाल होतं. लाल म्हणजे थांबलं."

नंदूनं कपाळावर हात मारला. हिरवं म्हणजे कॅमेरा नुसता तयारीत उभा, आणि लाल म्हणजे रेकॉर्डिंग चालू, हे त्यानं समजावून सांगितलं. बाबांना पटेना. ज्या माणसानं जन्मभर लाल दाखवून गाड्या थांबवल्या आणि हिरवं दाखवून सोडल्या, त्याला लाल म्हणजे चालू हे सांगणं म्हणजे सूर्य भाईंदरच्या खाडीतून उगवतो म्हणून सांगण्यातला प्रकार. चार वर्षं बाबांनी प्रत्येक समारंभ हिरव्यात बघितला होता आणि समारंभ संपल्यावर बटण दाबून, लाल करून, निश्चिंत मनानं घरी आले होते. मस्कतची बॅटरी बिचारी उगाच बदनाम झाली.

आम्ही इतके हसलो की मला धाप लागली. आईसुद्धा, तोंडाला पदर लावून. बाबाही हसले. मग हळूहळू एकेकाचं हसू थांबलं, कारण एकेकाच्या लक्षात आलं की पाळणा नाहीये. तो हिरव्यात गेला होता. बाबा उठून गॅलरीत गेले आणि मिठागराकडे बघत उभे राहिले. आई म्हणाली, सुनंदावहिनी चांगलं म्हणतात, उगाच जिवाला लावून घेऊ नका. तिचा तो घोगरा, समजूत घालणारा आवाज मला ऐकवेना.

संध्याकाळी नंदूनं फर्मान काढलं. कॉम्प्युटरमध्ये जागा आधीच कमी, टेपा जागा खातात. जिथे फरशी दिसेल तिथे टेप पुढे ढकलायची, माणसं असतील तेवढीच उतरवायची. फर्मान अगदी शहाणपणाचं होतं. पण कॅमेरा ठेवलेला होता खाली, बुटक्या स्टुलावर, कारण ती वायर आखूड. टेप पुढे ढकलायची तर वाकायला हवं. आणि मी त्या महिन्यात वाकत नव्हते. बाबांना हाक मारली तर ते कॅमेऱ्याकडे बघायलाही तयार नव्हते. आईच्या मते त्या यंत्राला हात लावणं म्हणजे शॉक घेणं. त्यामुळे फरशा उतरत राहिल्या आणि मी, पाय उशीवर, घाम पुसत, त्या बघत राहिले.

आधी वैताग आला. मग काय झालं कुणास ठाऊक, मला त्या फरशा आवडायला लागल्या. समारंभाच्या चित्रात सगळे आवरून-सावरून बसलेले असतात, कॅमेरा आला की मान ताठ करतात. इथे कुणाला पत्ताच नव्हता. जिन्यात बाबा कुणालातरी थांबून गुडघ्याचं दुखणं सांगत होते. आई दारातून, वॉचमन पानी कब छोडेगा, म्हणून हिंदीत ओरडत होती, तिच्या जुन्या आवाजात. नंदूच्या नोकरीची काळजी चालली होती. माझं लग्न ठरत होतं. मला कधी कळलंच नव्हतं, पण बाबा तेव्हा आईला विचारत होते, "डोंबिवली लांब नाही ना पडणार गं तिला?" आणि चित्रात काय, तर नुसती आमची पिवळी फरशी, तिच्यावर एक मुंगी. मी ती मुंगी पार कडेला जाईपर्यंत बघितली. पोटात रेवा लाथा मारत होती. एक तासाचं आयुष्य बघायला एक तास द्यावा लागतो, ही मला शिक्षा वाटली होती. हळूहळू वाटायला लागलं की हिशेब बरोबर आहे.

आता रेवाच्या मोबाइलमध्ये हजारो व्हिडिओ आहेत. सगळे स्वच्छ, सगळ्यांचे चेहरे नीट. ती ते एका क्षणात इकडून तिकडे टाकते आणि पुन्हा कधी बघत नाही. तिला मी नावं ठेवत नाही, मीही तेच करते. पण कधीतरी वाटतं, पंख्यापुढे ठेवून, घरभर गप्प बसून, तासाला तास मोजून काही आत घ्यावं, असं आता काही उरलंय का?

ती दुपार मात्र मला अजून तंतोतंत आठवते. आई माझ्याशेजारी जमिनीवर बसून डिंकाच्या लाडवांसाठी खारका अडकित्त्यानं कातरत होती. पडद्यावर टेबलाचा कोपरा, मिठाची बरणी आणि ओट्याचा थोडासा भाग. म्हणजे बाबांनी कुठूनतरी येऊन, लाल दिव्यासकट, कॅमेरा स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला असणार. कुकरची शिट्टी झाली. आणि मग कुणीतरी गुणगुणायला लागलं. थांबून, शब्द बदलून, पुन्हा. सुनंदावहिनींच्या नातवाच्या बारशाची तयारी चालली होती. जुळवून झालं तशी तिनं गळा सोडला.

*पाळणा टांगला तिसऱ्या मजल्याला,*
*मिठागराचं चांदणं आलं गं बाळाला…*

अडकित्ता थांबला. मी आईकडे बघितलं नाही, बघायची हिंमत झाली नाही. एक कडवं झालं. दुसरं झालं. आवाज वर गेला, स्वच्छ, जरासुद्धा न चिरकता. तिसऱ्याची पहिली ओळ सुरू झाली आणि बाबांचा आवाज आला, धावत आल्यासारखा, "अगं थांब, थांब! हे घेतो!"

मग टक् असा आवाज. मग निळं.

त्यांना ते घ्यायचं होतं म्हणून त्यांनी बटण दाबलं होतं. लालचं हिरवं केलं होतं. हे लक्षात आलं तेव्हा मला हसू आलं की रडू, मला सांगता येणार नाही. आई खारकांची परात तशीच सोडून उठली आणि आत गेली. मला वाटलं, चुकलंच, तिच्या जखमेवर बोट ठेवलं गेलं. बऱ्याच वेळानं ती दारात येऊन उभी राहिली.

"ते परत लागतं का गं?" तिनं विचारलं.

परत लावलं. तिनं उभ्यानंच ऐकलं, दाराची चौकट धरून, एखाद्या दुसऱ्याच बाईचं ऐकावं तसं. शेवटच्या टक् पाशी तिनं डोळे मिटले.

बाबा बाजारातून आले तेव्हा त्यांनाही ऐकवलं. स्वतःचं "हे घेतो" ऐकून ते मटकन खाली बसले. पिशवी हातात तशीच. एवढा मोठा माणूस, पण चेहरा मुलासारखा पडला. म्हणाले, समोर होतं आणि मी बंद केलं, माझ्या हातानं. आई त्यांच्या हातातली पिशवी घेत म्हणाली, "अहो, पण तेव्हा तुम्ही ऐकलंत ना? उभं राहून सगळं ऐकलंत. मी काय कॅमेऱ्यासाठी गात होते?" आणि भाजी धुवायला निघून गेली. माझ्या आईबाबांनी एकमेकांना याहून जवळचं काही म्हटलेलं मी तरी ऐकलेलं नाही.

मग असं ठरलं की बारशाला कॉम्प्युटरवरून आईची ती दोन कडवी लावायची आणि जिथे तुटेल तिथून सुनंदावहिनींनी उचलायचं. आईनं तिसरं कडवं त्यांना शिकवलं, गाऊन नाही, नुसतं बोलून. नंदूनं बाबांची रोज शिकवणी घेतली. लाल म्हणजे? चालू. हिरवं म्हणजे? थांबलेलं. बाबा उत्तरं बरोबर द्यायचे, पण तोंड कडू औषध घेतल्यासारखं करायचे.

रेवा झाली. बाराव्या दिवशी आमच्या हॉलमध्ये पाऊल ठेवायला जागा नव्हती. सुनंदावहिनींकडूनच आणलेला पाळणा, त्याला झेंडूच्या माळा, बायका दाटीवाटीनं बसलेल्या, डोंबिवलीहून माझ्या नणंदबाई आलेल्या, बाळाच्या कानात नाव सांगायला. पंखा त्या दिवशीही कॉम्प्युटरकडेच. बाबा कोपऱ्यात, एक डोळा मिटून, कॅमेऱ्याचा लाल ठिपका लागलेला. नंदूनं स्वतः तपासलेला.

नंदूनं बटण दाबलं आणि स्पीकरमधून आईचा आवाज आला. ज्यांनी तो आवाज पूर्वी ऐकला होता त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. आई पाळण्यापाशी, दोरी हातात, मान खाली. पहिलं कडवं. दुसरं. तिसऱ्याची सुरुवात. "अगं थांब, थांब! हे घेतो!" कुणीतरी फिसकन हसलं. टक्.

सुनंदावहिनींनी घसा खाकरला. पण त्यांनी तोंड उघडायच्या आधीच आईनं म्हणायला सुरुवात केली होती.

*दोरी ओढी आत्याबाई, नाव सांगे कानी,*
*आजीच्या गं आवाजाला झालं खारं पाणी…*

ही दुसरी ओळ तिनं सुनंदावहिनींना शिकवलेली नव्हती. कधी जुळवली होती, कुणास ठाऊक. आवाज घोगरा होता, वर जाताना फाटला, ती तिथे थांबली नाही, फाटका तसाच पुढे नेला. मी बाबांकडे बघितलं. त्यांचा अंगठा बटणावर गेला होता. बाई गातेय, हे घ्यायला हवं, आणि समोर लाल पेटलंय, म्हणजे थांबलंय. सगळी नोकरी त्यांच्या त्या अंगठ्यात जमा झाली होती. मी ओरडणारच होते, पण ओरडले असते तर माझा आवाज टेपवर गेला असता. नंदू हॉलच्या दुसऱ्या टोकाला, मधे सगळ्या बायका. अंगठा बटणावर टेकला. बाबांनी लाल ठिपक्याकडे बघितलं, मग आईकडे बघितलं, आणि अंगठा उचलला. मग तो हात खिशात घातला, पुन्हा बाहेर येऊ नये म्हणून.

आईनं सगळी कडवी म्हटली. रेवा दचकली नाही. ती झोपली.

परवा ती वायर सापडल्यावर रेवाला टेपांचं आणि लाल-हिरव्याचं सांगावं लागलं, पाळण्यापर्यंत मात्र मी अजून पोचले नव्हते. नंदूनं जपून ठेवलेल्या जुन्या हार्डडिस्कवरून तिनं दोन्ही व्हिडिओ स्वतःच्या मोबाइलमध्ये घेतले, डोळ्याची पापणी लवते न लवते तोच. बाबा आता बरेच थकलेत, पलंगावर बसून ते चित्र अगदी जवळ धरून बघत होते. मग त्यांनी तिला हळूच विचारलं, या मोबाइलमध्ये तरी लाल म्हणजे काय गं? ती म्हणाली, चालू, आजोबा. त्यांनी मान हलवली. अजून पटलेलं नाहीये.

आधी तिनं मिठाची बरणी दिसते तो लावला. पूर्ण ऐकला, "हे घेतो" पर्यंत. आई शेजारी बसून डिंक निवडत होती.

"मस्त आहे," रेवा म्हणाली. "पण गातेय कोण ही?"

मी काही बोलणार तेवढ्यात आईनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तिच्या त्या घोगऱ्या आवाजात म्हणाली, "होती एक बाई. आमच्याकडे यायची."

"बरी गाते," रेवा म्हणाली आणि तिनं दुसरा, बारशाचा व्हिडिओ लावला. टक् नंतरच्या पहिल्याच ओळीला तिचा चेहरा उजळला. मोबाइल आजीच्या कानाशी नेऊन म्हणाली, "आता ही बघ. ही तू."